करवतीची पट्टी किती लांब असावी?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नारळी-पोफळी गेल्याच, पण आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे-फणसही मुळासकट उपटले गेले. त्या दिवसांत आमच्या गावी पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीला, म्हणजे चेनसॉला, सोन्याचा भाव आला होता.

आमच्या शेजारच्या बागाईतदारांकडे साठ सीसी इंजिनाची अशी एक करवत होती. जिच्या कडेने साखळी फिरते ती पोलादी पट्टी, म्हणजे बार, अठरा इंची. अंगणात पडलेल्या आंब्याचा बुंधा मात्र अडीच फूट जाडीचा. त्यांनी तालुक्याहून तीस इंची पट्टी आणि तेवढी साखळी आणून बसवली. साखळी लाकडात अडखळू लागली, तसे ते वरून जोर देऊ लागले. अर्ध्या तासात क्लचमधून धूर निघाला आणि करवत बंद पडली. बुंधा जागच्या जागी!

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रविद्या हा काही माझा विषय नव्हे. पण हा प्रकार समजून घेताना माझ्या ध्यानात आलं, की इथला प्रश्न मुळात वाटणीचाच आहे.

वाचकहो, साखळीचा दात म्हणजे एक चिमुकला रंधा असतो. आजच्या साखळीचा हा आकार अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचला. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून. प्रत्येक दात आपल्यापुरती एक ढलपी काढतो आणि त्यासाठी त्याला थोडी शक्ती लागते. ही शक्ती येते एकट्या इंजिनाकडून. तेव्हा एका वेळी जितके दात लाकडात, तितके वाटेकरी.

आता हिशेब करू. मोठ्या करवतींवर नेहमी दिसणाऱ्या तीन-अष्टमांश मापाच्या साखळीत साधारण दर दीड इंचाला एक दात येतो. अठरा इंची पट्टी पूर्ण लाकडात गेली तर बारा दात काम करतात, तीस इंची गेली तर वीस, आणि छत्तीस इंची गेली तर चोवीस. साठ सीसीचे इंजिन सुमारे साडेतीन हजार वॅट शक्ती देते. बारा दातांत वाटली तर प्रत्येकाला २९० वॅट मिळतात; वीस दातांत वाटली तर जेमतेम १७५. उपाशी दात कापत नाही, नुसता घासतो. नव्वद सीसीचे इंजिन सुमारे पाच हजार वॅटचे. त्याच्या वीस दातांना प्रत्येकी २५० मिळतात, म्हणून तीस इंची पट्टी त्याला पेलते. एकशेवीस सीसीच्या वरची, सहा हजारांहून अधिक वॅटची करवत छत्तीस इंचांनाही पुरते.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मात्र विसरू नका. लाकूड कोणतं हेही पाहावं लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मऊ सूचिपर्णी वृक्षांवर लाकूडतोडे लांबच लांब पट्ट्या चालवतात. तीच करवत वाळलेल्या बाभळीवर घातली तर लवकर दमेल. ओंडका उभा चिरून फळ्या पाडायच्या असतील तर पट्टी सारा वेळ लाकडात असते. तिथे मोठंच इंजिन हवं.

लांब पट्टी लावणं भागच असेल तर वाटेकरी कमी करायचे. दात विरळ असलेली साखळी मिळते. तिच्यात दर सव्वादोन इंचांना एक दात येतो. म्हणजे छत्तीस इंचांत सोळाच, नेहमीच्या साखळीचे चोवीस इंचांत असतात तेवढे. कापायला वेळ जास्त लागतो, पण इंजिनाचा दम टिकतो.

दुसरी गोष्ट तेलाची. करवतीतला छोटा पंप ठराविकच तेल सोडतो आणि पट्टी लांबली की टोकापर्यंत ते पुरत नाही. मग पट्टी तापून निळसर पडते. पट्टीचे टोक स्वच्छ लाकडासमोर किंचित अंतरावर धरून करवत वेगात चालवावी. काही क्षणांत लाकडावर तेलाची रेघ उमटली तर ठीक. नाही उमटली तर थांबावं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर करवत उसळून माणसाच्या तोंडावर येते. पट्टी लांब असली की ते टोक बुंध्याच्या पलीकडे, आपल्याला न दिसणाऱ्या जागी असते. तिकडे एखादी फांदी आहे की नाही, हे आधी फिरून पाहिलंच पाहिजे.

याच्या उलट, मोठ्या इंजिनावर आखूड पट्टी लावली तर यंत्राचं नुकसान नाही. मात्र फांद्या छाटायला दहा किलोचं धूड कशाला उचलायचं? म्हणून करवतीच्या माहितीपुस्तकात पट्टीची जी लहान-मोठी मर्यादा दिलेली असते तिच्या आत राहावं, आणि रोजच्या कामाला पुरेल ती आखूड पट्टी निवडावी.

आमच्या शेजाऱ्यांचा बुंधा शेवटी कापला गेला तो अठरा इंची पट्टीनेच. चार दिवसांनी शेजारच्या वाडीतला एक अनुभवी कापणारा आला. त्याने आधी कानस काढून प्रत्येक दात नीट घासला. मग बुंधा कुठे दबलाय, कुठे ताणलाय ते पाहिलं, खाली टेकू दिले आणि अर्धा काप अलीकडून, अर्धा पलीकडून घेतला. अठरा दुणे छत्तीस. तीस इंचांना पुरून उरले. पायाशी भुसा नव्हे, चांगल्या जाड ढलप्या पडत होत्या. दात पोटभर खात असल्याची ती खूण.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण संसारात म्हणतो. करवत घेतानाही तेच करावं: आधी इंजिन पाहावं, मग पट्टी.