बारावी, हंगाम आणि पावसाचे चार महिने

गोव्यात बारावीचा निकाल लागतो त्या सुमारास किनाऱ्यावरचा हंगाम संपत आलेला असतो. हरमल, मांद्रे आणि मोरजीच्या वाळूवरील शॅकांचे बांबू आणि झावळ्यांचे झाप उतरविण्याची घाई सुरू झालेली असते, कारण मेअखेर परवान्यांची मुदत संपते. नेमक्या याच दिवसांत पेडणे आणि डिचोली महालांतील घराघरांत गुणपत्रिका हाती घेतलेल्या मुलामुलींपुढे एकच प्रश्न उभा असतो, तो म्हणजे पुढे काय? ज्यांच्या घरी ऐपत आहे व ज्यांना गुणांनी साथ दिली आहे, ते अभियांत्रिकीची किंवा वैद्यकाची वाट धरतात. उरलेल्यांपैकी अनेकजण कुठल्यातरी महाविद्यालयात नाव घालतात आणि ऑक्टोबर उजाडताच कळंगुट-बागा, आश्वे किंवा हरमल येथे कामाला लागतात. कोणी वाढपी होतो, कोणी स्वयंपाकघरात हाताखाली राहतो, कोणी भाड्याच्या दुचाक्या सांभाळतो, तर कोणी अतिथिगृहाच्या पाहुण्यांची नोंदवही राखतो. पेडण्याच्या पुनवेला सुरू झालेली ही नोकरी शिरगावच्या लईराईच्या जत्रेपर्यंत टिकते. पुढे पाऊस येतो आणि नोकरी जाते.

हंगामी काम करणे कमीपणाचे आहे, असे आम्ही मुळीच मानत नाही. शाळा संपवून वर्षभर घराबाहेर पडावे, अंगमेहनतीचे काम करावे, चार पैसे गाठीशी बांधावे आणि जग पाहावे, ही रीत युरोप-अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. आल्प्स पर्वतातील बर्फावरच्या खेळांच्या गावी किंवा कॅनडातील व्हिसलरसारख्या ठिकाणी दर हिवाळ्यात हजारो तरुण येतात. ते खोल्या झाडतात, भांडी घासतात, पाहुण्यांना बर्फावर घसरायला शिकवितात आणि वसंतात परत जातात. आपल्याकडील समुद्रकिनारा आणि तिकडचा बर्फाचा डोंगर यांत दिसायला काहीच साम्य नाही. परंतु कामाचा साचा अगदी एक आहे. निसर्गाने ठरवून दिलेले काही महिने गावाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि उरलेले महिने ते गाव ओस पडते. फरक आहे तो काम करणाऱ्याच्या परिस्थितीत. तिकडे बहुतेकांच्या दृष्टीने तो एका-दोन वर्षांचा मुक्काम असतो आणि पुढच्या शिक्षणाचे दार उघडे असते. आपल्याकडे अठराव्या वर्षी धरलेला हंगाम तिसाव्या वर्षीही सुटलेला नसतो. तेव्हा महाविद्यालयातील नाव केव्हाच निघालेले असते, आणि हाती पंधरा जागी काम केल्याचा अनुभव असतो, पण त्याचा एकही कागद नसतो.

या महालांच्या तरुणाने घर सोडणे काही आजचे नाही. पोर्तुगीज अमदानीत नव्या काबिजादींतील हिंदू मुलगा मराठी शाळेत चार इयत्ता शिकला की बांदा-सावंतवाडीच्या वाटेने मुंबई गाठीत असे. गिरगावच्या चाळीत एखादा नातलग असे, तो त्याला दुकानात, छापखान्यात किंवा गिरणीत चिकटवून देई. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन ही संस्था उभी राहिली, ती अशाच घर सोडून गेलेल्या लोकांच्या गरजेतून आणि जिव्हाळ्यातून. त्या मुलाला मुंबईत हाल सोसावे लागत. पण त्याचे काम बारमाही होते आणि त्याच्या पाठीशी गाववाल्यांचे एक कुटुंब होते. मुक्तीनंतर ही वाट काहीशी ओसरली, कारण घराजवळच दुसरी वाट निघाली. डिचोलीत ती खाणीची होती आणि पेडण्यात, थोडी उशिराने, पर्यटनाची.

खाण हाही मुळात हंगामी धंदाच होता, हे आपण विसरतो. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरे, मांडवीच्या मुखावरील वाळूच्या पट्ट्यामुळे बार्जींची ये-जा थांबे आणि खाणीवरचे काम मंदावे. तरीही त्या मजुराचे वर्ष पुरे होत असे, कारण त्याच चार महिन्यांत त्याचे शेत त्याला बोलावीत असे. ऑक्टोबर ते मे खाणीवर अगर किनाऱ्यावर, आणि मिरगापासून भात कापीपर्यंत सरद शेतीत, असा तो हिशेब होता. पागोळीचे पाणी अंगणात पडू लागले की माणूस बेकार होत नसे, उलट त्याला अधिक काम लागे. पुढे हा हिशेब दोन्हीकडून मोडला. डिचोलीच्या कित्येक शेतांत खाणींचा गाळ उतरला, शिरगावसारख्या गावी विहिरींचे पाणी खोल गेले. पेडण्यात जमिनीला भाताहून मोठा भाव आला आणि शेते पड पडली. किनाऱ्यावरचा हंगाम पूर्वीपेक्षा मोठा झाला, पण पावसाळ्याचा आधार नाहीसा झाला.

डिचोलीने तर याहून कठोर धडा घेतला आहे. २०१०-११च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. बारावी झालेला मुलगा पुढे शिकण्यापेक्षा कर्ज काढून ट्रक घेणे शहाणपणाचे समजत होता, आणि त्या दिवसांचा विचार करता त्याला वेडा कोण म्हणणार? सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४च्या एप्रिलात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, आणि ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये सारे पुन्हा ठप्प झाले. अंगणात गंजत उभे असलेले ट्रक साखळी-डिचोलीच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहेत. लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ साली पुन्हा सुरू झाला. पण ज्यांनी विशीत पुस्तक मिटून सुकाणू हाती घेतले, त्यांची मधली वर्षे कोणत्या लिलावात परत मिळणार? एकाच धंद्याच्या भरवशावर अख्खा महाल शिक्षण सोडतो तेव्हा त्याचे काय होते, याचा हा दाखला आहे. पेडणेकरांनी तो शेजारच्या घरची गोष्ट म्हणून ऐकून सोडून देऊ नये.

पेडण्याचे आजचे दिवस भरभराटीचे दिसतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, शिवोली-चोपडे पुलाने बार्देश जोडला, ५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली. ज्या पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या परिसरातून आज पाहुण्यांच्या मोटारींची रांग सरकत असते. विमानतळ, त्याभोवतीची हॉटेले आणि मालवाहतूक ही कामे पावसाने बंद पडणारी नाहीत. येथे बारमाही नोकरी आहे. परंतु ती मिळण्यास काही येणे लागते. सामान चढविण्याच्या कामात आणि यंत्र दुरुस्त करण्याच्या कामात, वाढप्याच्या आणि भटारखान्याच्या प्रमुखाच्या कामात जे अंतर आहे, ते शिक्षणाचे आणि सरावाचे अंतर आहे. आमच्या मुलांना जागा द्या, ही मागणी न्याय्य आहे. कारण पठारावरची जमीन याच लोकांची गेली. पण ती मागणी पहिल्या पायरीवरच्या जागांपुरती राहिली तर पुढची पिढीही पहिल्याच पायरीवर उभी असेल.

किनाऱ्यावर बाहेरून येणाऱ्या कामगारांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्यात रागाचा अंश अधिक आणि निरीक्षणाचा कमी असतो. हिमाचल, नेपाळ, काश्मीर येथून हिवाळ्यात गोव्यात येणारा माणूस मेमध्ये बेकार होत नाही. हरमलची झडप पाडून तो मनालीला, धर्मशाळेला किंवा लडाखला जातो, कारण तिकडचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्याने दोन हंगाम सांधून एक वर्ष तयार केले आहे. आमच्या मुलाचे वर्ष मात्र अर्धवटच राहते. आम्ही त्याला हिमालयात जाण्याचा सल्ला देत नाही, जायचे असल्यास अडवीतही नाही. सांगायचे इतकेच की, हंगामी धंद्यात टिकतो तो उरलेल्या महिन्यांची सोय आधीच लावून ठेवणारा.

ही सोय कोणी लावायची? मालकांचे म्हणणे असे की, स्थानिक मुलगा चवथीला, शिगम्याला, जत्रेला रजा मागतो आणि भरवशाचा नसतो. या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असे नाही. पण चवथ भाद्रपदात येते, तेव्हा किनारा अजून जागा झालेला नसतो, आणि लईराईची जत्रा हंगामाच्या शेवटाला येते. मधल्या जत्रांच्या तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. ज्या मालकाला नाताळच्या गर्दीचे वेळापत्रक जमते, त्याला देवाच्या रजेचेही जमायला हरकत नाही. उलट मुलांनीही समजून घ्यावे की, न सांगता दांडी मारणाऱ्या एकामुळे दहा जणांची पत जाते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातच हंगामी आस्थापनांतील कामगारांचा वेगळा विचार करून प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाचे तत्त्व घालून दिले होते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधी आणि दहा किंवा अधिक असलेल्या ठिकाणी कामगार विमा, हे नियमही जुनेच आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी तर नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. तरीही किनाऱ्यावरचा बहुतेक व्यवहार तोंडी चालतो. ‘उद्यापासून ये’ आणि ‘उद्यापासून येऊ नको’ या दोन वाक्यांत नोकरी सुरू होते आणि संपते. एक साधा कागद, ज्यावर नाव, काम, पगार आणि मुदत लिहिली आहे, आणि हंगामअखेर अनुभवाचा एक दाखला, एवढे मिळाले तरी पुढच्या दारात उभे राहताना त्या मुलाची मान ताठ राहील. शॅकच्या परवान्यासाठी सोडत काढणाऱ्या पर्यटन खात्याने ही अट परवान्यात घालावी. त्यासाठी तिजोरीतून पैसाही जाणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाच्या चार महिन्यांची. पेडणे व डिचोली येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आहे, साखळीला शासकीय महाविद्यालय आहे, आणि पर्वरीला हॉटेल व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था आहे. जून ते सप्टेंबर या काळात हंगामी कामगारांसाठी स्वयंपाक, हिशेब, परकी भाषा, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, जीवरक्षण असे छोटे वर्ग या संस्थांनी का काढू नयेत? शिकणारे तेव्हाच मोकळे असतात. दोन-तीन पावसाळे शिकलेला मुलगा चौथ्या ऑक्टोबरात पूर्वीच्याच जागी उभा राहणार नाही. तसेच पड राहिलेली सरद शेती सामुदायिक रीतीने कसता आली, तर जुना हिशेबही काही अंशी परत जुळेल.

तिसरी गोष्ट राहण्याची आणि येण्याजाण्याची. हॉटेलातील रात्रपाळी मध्यरात्रीनंतर सुटते, तेव्हा इब्रामपूरला किंवा मयेला जाणारी बस नसते. मुलगे दमलेल्या अंगाने दुचाकीवरून अंधाऱ्या रस्त्याने घरी येतात. मुलींना तर याच एका कारणासाठी नोकरी नाकारावी लागते. व्हिसलरच्या नगरपालिकेने हाच प्रश्न ओळखून १९९७ साली कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. नवे बांधकाम करणाऱ्याने कामगारांच्या राहण्याची तजवीज करावी किंवा त्यासाठी पैसे भरावेत, असा नियम तेथे आहे. श्रीमंत पाहुण्यांच्या गावाला हे उमगले की, खोली झाडणाऱ्याला डोके टेकायला जागा नसेल तर पाहुण्याच्या खोलीलाही अर्थ नाही. मोपाभोवती उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या हॉटेलाला रात्रीच्या वाहनाची आणि वसतिगृहाची अट घालण्याची हीच वेळ आहे. इमारती उभ्या राहिल्यावर अटी घालता येत नाहीत, हा आपला अनुभव आहे.

आणि शेवटी पालकांविषयी. सरकारी नोकरीची वाट पाहत मुलाला पाच वर्षे घरी बसविणे आणि पहिल्या पगाराला भुलून त्याचे शिक्षण तोडू देणे, या दोन्ही चुका आपल्याकडे सारख्याच होतात. अठरा वर्षांच्या मुलाने कामाला जावे, जरूर जावे. घामाचा पहिला पैसा आईच्या हातावर ठेवण्यातला आनंद त्याला मिळावा. पण जाण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत. कागद काय मिळणार? पावसात काय करणार? पुढच्या वर्षी आजच्यापेक्षा अधिक काय येत असणार? या तिन्हींची उत्तरे देता आली तर तो हंगाम त्याच्या आयुष्याची चांगली सुरुवात ठरेल. उत्तरे देता येत नसतील, तर त्याला एकट्याला दोष न देता ती शोधायला त्याच्याबरोबर बसणे, हे आईबापांचे, मालकांचे आणि सरकारचेही काम आहे. यंदाचे निकाल लागतील तेव्हा शॅक पुन्हा मोडले जातील आणि ऑक्टोबरात पुन्हा उभे राहतील. बांबू पावसाळ्यात गवताखाली झाकून ठेवता येतात, पण वयात आलेला मुलगा तसा झाकून ठेवता येत नाही.