खणांवर उभी पेठ

सकाळी दुकानाच्या फळ्या एकेक करून निघाल्या आणि दर्शनी बाजू या खांबापासून त्या खांबापर्यंत मोकळी झाली, की जुन्या पेठेतील इमारतीची रचना रस्त्याने जाणाऱ्यासही उघड दिसते. वरचा मजला, कौले आणि माळ्यावरची पोती यांचा भार भिंतींवर नसून लाकडी सांगाड्यावर आहे, आणि म्हणूनच दुकानदाराला रस्त्याकडे भिंत घालावी लागलेली नाही.

अशीच पेठ माधवनगरची. हे गाव पूर्वी मिरजेच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे बुधगाव संस्थानात होते. शेजारची सांगली त्याहून जुनी, १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेहून अलग होऊन राजधानी केलेली. हळद आणि गूळ यांच्या व्यापारावर पोसलेल्या या मुलुखात खाली पेढी आणि वर बिऱ्हाड हा घाट रूढ झाला. त्याचे माप खणाचे. दोन खांबांमधील अंतर तो खण, साधारणतः पाच-सहा फुटांचा. घर दोन खणी की पाच खणी, एवढ्यावरून इमल्याचा अंदाज येई.

खांब जमिनीत पुरत नाहीत. तो दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज पोचत नाही. खांबाच्या माथ्यावर दोहों बाजूंस पसरलेला हस्त तुळईला आधार देतो, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीची भर. सुताराने एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत असे बसवावे, की वरचा भारच सांधा आवळून धरील. लोखंडी खिळ्याची येथे फारशी मातब्बरी नाही.

इंग्लंडमधील यॉर्क शहरी शॅम्बल्स नावाची खाटिकांची जुनी गल्ली आहे. तिच्यातील ओकच्या सांगाड्यांची दुकाने याच तत्त्वावर उभी आहेत. सांध्यांत लाकडी खुंट्या आणि खांबांमधील जागेत काड्यांच्या विणीवर लिंपलेला चिखल. मात्र तेथील वरचे मजले रस्त्यावर पुढे झुकत जातात, तर आपल्याकडे दुकानापुढे ओटा आणि पडवी यांची सावली येते. गिऱ्हाईक उन्हातून येणार आहे, हे बांधणाराने आधीच जाणले होते.

अशा इमारतीचा वैरी अग्नी. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये कायद्याने वीट-दगडांच्या भिंती सक्तीच्या झाल्या. पुण्यात शनिवारवाड्याचा लाकडी इमला १८२८ साली जळाला आणि दगडी जोती, तट उरले. तथापि मला अधिक व्यथित करतो तो आजचा सिमेंटचा गिलावा. खांबाच्या पायथ्याशी तो घट्ट बसवला, की आत शिरलेल्या ओलीस बाहेर पडण्याची वाट राहत नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणारे सागवान आतून कुजते. मग मालक हताश होऊन सगळा इमला मोडीत काढतो, नक्षीदार हस्त वजनावर विकले जातात.

वास्तविक याला उपाय आहे. जाणता सुतार हातोडीने खांब खालपासून वरपर्यंत ठोकत जातो. आवाज पोकळ आला तेथे खूण करतो, तुळईला तात्पुरते टेकू देतो, कुजलेला तुकडा कापून टाकतो आणि त्याच जातीच्या लाकडाचा नवा पाय सांधतो. वरचे बिऱ्हाड हलवावे लागतेच असे नाही, आणि काम नेटके झाले तर खालची पेढी थोड्याच दिवसांत पुन्हा उघडते.