मोथा, कुटार आणि मे महिना

नागपुरात आमच्या बेसा रोडवरच्या घरामागे साडेसहाशे चौरस फुटांची बाग आहे, आणि तिच्यातला मोथा मी पैसे मोजून आणला आहे. २०११ साली घर बांधून झालं तेव्हा मागे नुसती गिट्टी नि सिमेंटचा चुरा होता. म्हणून उमरेडकडच्या एका शेतातली काळी माती ट्रॉलीभर मागवली. मातीवाला म्हणाला, "सोनं आहे, बाई." मृगाचा पाऊस पडला आणि दोन आठवड्यांत त्या सोन्यावर हिरव्या सुया उभ्या राहिल्या. मला वाटलं, चला, जमीन जिवंत आहे.

मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तरी पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी ते गवत वरून खुडत बसले. निंदणाला येणाऱ्या मावशींनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाई, गाठीले हात नाही लागला तं उपटून का उपयोग?" मग खुरप्यानं वीतभर खाली गेल्या आणि काळ्या मण्यांच्या माळेसारख्या गाठी काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. मोथा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला लव्हाळा, या गाठींवर जगतो. एकेका गाठीला अनेक डोळे असतात. वरचा कोंब खुडला की खालचा जागा होतो, आणि माळ तुटली की प्रत्येक मणी आपला स्वतंत्र संसार मांडतो. १९७७ साली लीरॉय होम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पहिला नंबर याच मोथ्याचा. दिवाळीच्या उटण्याला इतवारीतून नागरमोथा आणायचा आणि त्याच्याच भावाला घरी शिव्या घालायच्या, असा आमचा व्यवहार होता.

मोथ्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, सावली आणि चिकाटी. दर पंधरा-वीस दिवसांनी कोंब काढत राहिलं तर नवा कोंब फेकण्यात गाठीतली शिदोरी हळूहळू संपते. मध्ये एक महिना लग्नसराईत गेला की मागची मेहनत पाण्यात. मला तीन पावसाळे लागले, आणि अजूनही कुंपणाकडेला तो आहेच.

निंदायचं कधी, हेही मावशींकडूनच शिकले. काळी माती ओली असली की पायाला किलोभर चिकटते आणि वाळली की दगड होते. मधले दोन-तीन दिवस वाफसा असतो, तेव्हा हरळीसुद्धा मुळासकट हाती येते. वाफसा चुकला तर आपण फक्त गवताची हजामत करतो.

पण उपटण्याआधीचा प्रश्न असा की तण येतं कुठून? माझ्या बागेपुरतं बोलायचं तर निम्मं मीच आणलं. मातीतून मोथा आला. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तरोटा आला. गुरं बी खातात, पण सगळं पचवत नाहीत. खताचा ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापला तरच बहुतेक बी मरतं. हाताला गरम लागणाऱ्या, शेणाचा वास मारणाऱ्या खताला मी आता दारातूनच परत पाठवते. नर्सरीतलं रोप आणलं की पिशवीतली वरची दोन बोटं माती खरवडून टाकते. गुलाबाबरोबर फुकट मिळालेला मोथा महागात पडतो.

उरलेलं बी जमिनीतच झोपलेलं असतं, आणि त्याची झोप आपल्या हिशेबातली नसते. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली तणांचं बी वाळूत मिसळून, बाटल्यांत भरून पुरून ठेवलं. २०२१ साली त्यातली एक बाटली उकरली, तर त्यातलंही काही बी उगवलं! बऱ्याच तणांच्या बारीक बियांना उजेडाची एक झलक पुरते. म्हणून हौसेनं फूटभर खणून माती उलटीपालटी केली की आपणच त्यांना उठवून वर आणतो. आमच्या शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर तण हिरवं झालं की ते वखराची एक उथळ पाळी देतात आणि मगच पेरतात. बागेतही तेच करावं. वाफा तयार करून पाणी द्यायचं, आठ-दहा दिवस काही लावायचं नाही, उगवलेलं तण खुरप्याच्या टोकानं वरच्यावर खरवडायचं आणि मग मेथी टाकायची. मेथी टाकायची घाई आवरणं हेच यात कठीण.

दुसरा उपाय जमीन झाकायचा. विदर्भात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, हवं तितकं मिळतं. वांगी-टोमॅटोभोवती मी ते चार बोटं जाड पसरते आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवते, नाहीतर खोड कुजतं. कोरड्या दिवसांत कुटाराला वाळवी लागते, म्हणून त्यात फाल्गुनात गळलेला कडुलिंबाचा पाला मिसळते. वाळवी त्यानं किती घाबरते ते तिलाच ठाऊक, पण पाला फुकट असतो. एका वर्षी कूलरचं जुनं गवत फेकवेना म्हणून तेच बागेत पसरलं. आपल्या पाण्यातला क्षार त्याच्यावर पांढऱ्या खडूसारखा साचलेला होता. पुदिन्याची पानं पिवळी पडली तेव्हा अक्कल आली. वाटेवर मात्र ते गवत झकास चाललं. मोथा असेल तिथे कुटार पुरत नाही, त्याची सुई पातळ प्लास्टिकही भोकसते. तिथे फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा भिजवून अंथरायचा आणि वर पाला टाकायचा.

आणि आपल्याकडे मे महिना आहे. नागपूरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, मी त्याला कामाला लावते. रिकामा वाफा सपाट करून भरपूर भिजवायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. प्लास्टिक काळं नको. काळं स्वतः तापतं, पारदर्शक खालची माती तापवतं. वरच्या दोन-तीन इंचांतलं बी अक्षरशः शिजतं. खोलवरच्या मोथ्याच्या गाठी वाचतात, पण उन्हाळ्यानंतरचं निंदण निम्म्यावर येतं, हा माझा तीन वाफ्यांचा अनुभव. पाऊस यायच्या आत प्लास्टिक काढायचं आणि माती पुन्हा खोल खणायची नाही.

आमच्या शेजारी एक रिकामा प्लॉट आहे. नागपुरात प्रत्येकाच्या शेजारी एक असतोच. त्यात गाजरगवत माजतं. १९५५ साली पुण्यात नोंदलं गेलेलं हे मेक्सिकोकडचं झाड आता सगळ्या देशभर झालं आहे. एक झाड हजारोंनी बी टाकतं, आणि त्याच्या स्पर्शानं काहींच्या अंगावर चट्टे उठतात. म्हणून हातमोजे घालून, फूल यायच्या आत, मुळासकट उपटायचं. फुलल्यावर उपटलेलं कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. त्याची पानं खाणारा भुंगेरा १९८४ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणून सोडला होता. पाठीवर तपकिरी रेघा असलेले ते किडे पावसाळ्यात आमच्या प्लॉटवर दिसतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचे लोक गाजरगवताच्या जागी तरोटा वाढू द्या म्हणतात. मी गेल्या वर्षी कुंपणापलीकडे तरोट्याचं मूठभर बी फेकलं. कोवळा असताना त्याची भाजी झाली, ते वेगळंच.

इथे मावशींचं आणि माझं नेहमी वाजतं. मी जे ढिगात टाकते त्यातलं निम्मं त्या ओच्यात घेतात. घोळ, कुंजर, चिवळ, सगळं. "बजारात पैसे देऊन घेता नं तुमी," म्हणतात. खरंच आहे, चिवळ मीही विकत घेते. हरळीचं तसंच. जूनमध्ये जिच्या मुळांवर मी चिडचिड करते, तिच्याच एकवीस जुड्या गणपतीत शोधत फिरते. शेवटी नळाजवळचा एक कोपरा दुर्वांसाठी सोडला आणि भोवती विटा उभ्या गाडल्या.

फवारा मारून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ग्लायफोसेटचा तुषार वाऱ्यानं गुलाबावर गेला तर गुलाबही जातो. २०२२ साली केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि तो परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवला. मीठ टाकणं तर त्याहून वाईट, काळ्या मातीतून ते सहजी निघत नाही. फरशीच्या फटींतल्या गवतावर मी बटाटे उकडलेलं पाणी उकळतं असतानाच ओतते. तेवढ्यानं भागतं.

परवा वाफसा होता. मावशींनी कुंपणाकडून पावशेर मोथ्याच्या गाठी काढल्या. त्या धुऊन मी गच्चीवर वाळत घातल्यात. समोरच्या काकू विचारून गेल्या, यंदा उटणं घरीच करणार का म्हणून.