साबणाच्या समीकरणातला ३ : रासायनिक समीकरणांची ओळख

बंगळुरूच्या मेट्रोने यशवंतपूरहून शहराकडे निघालात की पुढचेच स्थानक ‘सँडल सोप फॅक्टरी’. मैसूर संस्थानाच्या काळात सुरू झालेला चंदनाचा साबण इथल्या सरकारी कारखान्यात बनतो. साबणाच्याच उदाहरणावरून आपण रासायनिक समीकरण वाचायला शिकू.

समीकरण

तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर तापवली की साबण आणि ग्लिसरॉल तयार होतात. साबणासाठी सहसा तेलांचे मिश्रण वापरतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण ट्रायस्टिअरिन हा एकच स्निग्ध पदार्थ घेऊ.

ट्रायस्टिअरिन + ३ सोडियम हायड्रॉक्साइड → ३ सोडियम स्टिअरेट + ग्लिसरॉल

बाणाच्या डावीकडे अभिक्रियाकारके, उजवीकडे उत्पादिते. सोडियम स्टिअरेट म्हणजे आपला साबण.

३ कुठून आला?

ट्रायस्टिअरिनच्या एका रेणूत मेदाम्लाच्या तीन साखळ्या असतात. प्रत्येक साखळी सुटी करायला सोडियम हायड्रॉक्साइडचे एक एकक लागते. दोन्ही बाजूंचे अणू मोजून पाहा:

- कार्बन: ५७ = ५४ + ३
- हायड्रोजन: ११० + ३ = १०५ + ८
- ऑक्सिजन: ६ + ३ = ६ + ३
- सोडियम: ३ = ३

संतुलन करताना फक्त सूत्राआधीचा सहगुणक बदलायचा, सूत्राच्या आतला आकडा नाही. पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन वाढवलात, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

३ विसरलात तर?

रेणुवस्तुमाने अनुक्रमे ८९०, ४०, ३०६ आणि ९२ आहेत. म्हणून

८९० + (३ × ४०) = (३ × ३०६) + ९२ = १०१०

यावरून १ किलो ट्रायस्टिअरिनला सुमारे १३५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागते. ३ विसरलात तर ४५ ग्रॅमच घ्याल आणि दोन तृतीयांश साखळ्या तशाच राहतील. हाती येईल तो चिकट गोळा. उलट, सोडा जास्त पडला तर तो वडीत उरतो आणि त्वचेचा दाह करतो. संतुलनाचा आकडा परीक्षेतल्या गुणांपुरता नसतो, तो असा.

मात्र किती तापवायचे, किती वेळ ढवळायचे, हे समीकरण सांगत नाही. ते प्रयोगानेच ठरते.

सराव

खोबरेल तेलातल्या ट्रायलॉरिनचे रेणुवस्तुमान ६३८ आहे. त्याच्या रेणूतही तीनच साखळ्या असतात. १ किलोला किती सोडियम हायड्रॉक्साइड लागेल? (उत्तर: सुमारे १८८ ग्रॅम.) साखळ्या तेवढ्याच, तरी सोडा जास्त का लागला? रेणू हलका असेल, तर एका किलोत रेणू किती मावतील, याचा विचार करा.