बैठकीचे अलिखित नियम

कामाच्या धास्तीनें झोप उडाली, असें सांगणारीं माणसें घरोघर आढळतात. वर्षअखेरचा हिशेब, वरिष्ठांची तपासणी, बदलीचा हुकूम, हीं कारणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां कचेरींत बैठक आहे, एवढ्याच कारणानें ज्याची झोप उडते, असा मनुष्य तें कारण सहसा बोलून दाखवीत नाहीं. बोलल्यास लोक हसतील, असें त्याला वाटतें. बैठकींत करावयाचें असतें तें काय? तासभर बसावयाचें, चहा घ्यावयाचा, विचारलें तर चार शब्द बोलावयाचे. इतरांना विसांव्यासारखा वाटणारा हा तास कांहीं माणसांना मात्र दिवसभराच्या कामाहून जड जातो. अशा माणसांपैकीं कित्येक स्वमग्न असतात. तें त्यांच्या कचेरीला माहीत नसतें, आणि पुष्कळदां त्यांचें त्यांनाहि माहीत नसतें.

‘स्वमग्नता’ हा शब्द मराठींत ‘ऑटिझम’ या संज्ञेसाठीं रूढ झाला आहे. मूळ संज्ञा ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बनविली. ती त्या वेळीं स्किझोफ्रेनिया या निराळ्याच विकाराच्या एका लक्षणाला उद्देशून होती. पुढें १९२५ सालीं रशियांत ग्रून्या सुखारेवा यांनीं, १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं आणि १९४४ सालीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर यांनीं कांहीं मुलांचीं जीं वर्णनें प्रसिद्ध केलीं, त्यांतून आजच्या कल्पनेचा पाया घातला गेला. कॅनर यांच्या निबंधांत अकरा मुलें होतीं. हीं मुलें मोठीं होतील, पदव्या घेतील, नोकऱ्या करतील आणि सहकाऱ्यांसह एखाद्या मेजाभोवतीं बसतील, याचा विचार वैद्यकशास्त्रानें फार उशिरां केला. स्वमग्नता हा येऊन जाणारा आजार नव्हे. ती मेंदूची एक वेगळी घडण आहे आणि ती आयुष्यभर राहते. तिचें स्वरूप माणसागणिक बदलतें. कोणाला रोजच्या साध्या व्यवहारांतहि मदत लागते, तर कोणी बँकेंत, प्रयोगशाळेंत किंवा संगणकाच्या धंद्यांत वर्षानुवर्षें चोख काम करतो. येथें विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा.

‘स्वमग्न’ या शब्दानें एक गैरसमज मात्र होतो. हा मनुष्य आपल्याच तंद्रींत असतो, समोर काय चाललें आहे याकडे त्याचें लक्ष नसतें, असें तो शब्द सुचवितो. बैठकींत घडतें तें बहुधा याच्या नेमकें उलट. वातानुकूलन यंत्राची घरघर, डोक्यावरील दिव्याचा लुकलुकाट, कपबशांचा किणकिणाट, मेजावर थरथरणारा कोणाचा तरी फोन, शेजारच्या दोघांची कुजबूज, हें सर्व इतरांचें मन आपोआप बाजूला सारतें. स्वमग्न माणसाच्या मनाला तें तितकें सहज साधत नाहीं. मुख्य वक्त्याचा आवाज आणि यंत्राची घरघर हीं दोन्हीं त्याच्याकडे जवळजवळ सारख्याच जोरानें येतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं निदानाचे जे सुधारलेले निकष प्रसिद्ध केले, त्यांत आवाज, प्रकाश, स्पर्श इत्यादींविषयींच्या या वेगळ्या संवेदनशीलतेला प्रथमच स्पष्ट स्थान मिळालें.

दुसरी गोष्ट अवधानाची. डायना मरे, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनीं २००५ सालीं असा विचार मांडला कीं, स्वमग्न माणसाचें अवधान एका वेळीं थोड्याच गोष्टींवर, परंतु फार खोलवर स्थिरावतें. हिशेबांतील चूक शोधतांना हाच गुण ठरतो. बैठकींत मात्र एक विषय अर्धवट टाकून दुसरा निघतो, मध्येंच कोणाची थट्टा होते, आणि पुन्हां पहिला विषय येतो. प्रत्येक वळणावर त्याला अवधान उचलून नव्या जागीं ठेवावें लागतें, आणि तेवढ्यांत मंडळी पुढें गेलेलीं असतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण बोलण्याच्या पाळीची. बैठकींत केव्हां बोलावें, हें कोणी कोणाला शिकवीत नाहीं. वक्त्याचा आवाज किंचित् उतरतो, नजर फिरते, श्वास घेतला जातो, आणि दुसरा बोलूं लागतो. जगांतील दहा भाषांतील संभाषणें तपासून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, एकाचें बोलणें संपून दुसऱ्याचें सुरू होण्यांत सरासरीनें सेकंदाचा सुमारें पांचवा हिस्सा एवढाच अवधि जातो. याचा अर्थ, पहिल्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच दुसऱ्यानें आपलें उत्तर तयार ठेवलेलें असतें. जो मनुष्य आधीं पुरतें ऐकून घेतो, मग विचार करतो आणि मग शब्द जुळवितो, त्याला ही फट सांपडतच नाहीं. तो मध्येंच बोलला तर उद्धट ठरतो, न बोलला तर मठ्ठ ठरतो.

यावर भर म्हणून कचेरीची भाषा. आपल्याकडे नकार उघडपणें देण्याची रीत नाहीं. “बघूं या पुढें” म्हणजे विषय संपला. “वेळ मिळेल तेव्हां बघा,” असें साहेबांनीं म्हटलें म्हणजे काम संध्याकाळपर्यंत हवें. “कोणाला आणखी कांहीं सांगावयाचें आहे काय?” हा प्रश्न अध्यक्ष कागद गोळा करतांना विचारीत असतील तर त्याचें अपेक्षित उत्तर मौन हेंच असतें. शब्दाला शब्दाच्या अर्थानेंच घेणारा मनुष्य या तिन्ही ठिकाणीं ठेंचाळतो. तो पुढील आठवड्यांत संपलेला विषय काढतो, संध्याकाळचें काम वेळ मिळेपर्यंत ठेवतो, आणि सर्व मंडळी उठावयाच्या बेतांत असतांना बोलूं लागतो.

यांत नुकसान कोणाचें होतें, हें एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या कचेरींत नव्या देयकपद्धतीवर चर्चा चालली आहे. नव्या तक्त्यांत एकच रक्कम दोन ठिकाणीं धरली जाते, हें एका स्वमग्न कर्मचाऱ्याच्या आदल्या दिवशींच ध्यानांत आलेलें आहे. पाऊण तास तो बोलण्याची संधि शोधतो. शेवटीं तो बोलतो तेव्हां खुर्च्या सरकलेल्या असतात, आणि “नंतर बोलूं” असें कोणीतरी म्हणतें. तें नंतर कधींच येत नाहीं. तीन महिन्यांनीं चूक उघडकीस येते. तोंपर्यंत त्याच्या गोपनीय अहवालांत ‘चर्चेंत भाग घेत नाहीं, इतरांत मिसळत नाहीं’ असा शेरा पडलेला असतो आणि बढती दुसऱ्याकडे गेलेली असते. कचेरीनें रक्कम गमावली, माणसानें पत गमावली. आणि दोहोंचें कारण मात्र एकच.

या शेऱ्याच्या भीतीनें पुष्कळ स्वमग्न माणसें इतरांसारखें दिसण्याची तालीम करतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहवत नसल्यास दोन भुवयांच्या मधोमध पाहावयाचें, सर्व हंसले कीं हंसावयाचें, हातांची चाळवाचाळव मेजाखालीं लपवावयाची. लॉरा हल आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अशा सोंगाचें वर्णन स्वमग्न प्रौढांच्याच अनुभवांवरून केलेलें आहे. त्यानंतर येणारा कमालीचा थकवा हा त्यांतील एक ठळक अनुभव होय. हा थकवा घरीं येतो. कचेरींतून आल्यावर कोणाशीं न बोलतां खोलीचें दार लावून घेणारा मुलगा, सून किंवा जांवई घरच्यांना तिरसट वाटतो. वस्तुतः त्यानें दिवसभर एक अवघड भूमिका वठविलेली असते, आणि आतां त्याला शांततेची गरज असते. घरच्यांनीं अर्धा तास कांहीं न विचारणें, हीहि मोठी मदत आहे.

दोष केवळ स्वमग्न माणसाकडे आहे, ही समजूतहि आतां टिकत नाहीं. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकानें २०१२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, गैरसमज हा दुहेरी असतो: स्वमग्न माणसाला इतरांचें मन कळत नाहीं, तसें इतरांनाहि त्याचें कळत नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ७२ प्रौढांनीं गटागटानें एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली. केवळ स्वमग्न माणसांच्या गटांनीं ती इतरांच्या गटांइतकीच नीट पोंचविली. मिश्र गटांत मात्र गळती अधिक झाली. २०२५ सालच्या तीनशेंहून अधिक माणसांच्या प्रयोगांत मिश्र गटांतील ही जादा गळती आढळली नाहीं. परंतु स्वमग्न माणूस माहिती पोंचविण्यांत मुळांतच उणा आहे, या समजुतीला दोन्ही प्रयोगांत आधार मिळाला नाहीं.

मग उपाय कोणता? तो नवा नाहीं. दीडशें वर्षांपूर्वींच छापून झालेला आहे. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्यावर १८६३ सालीं न्यू बेडफर्ड येथील एका सभेचें अध्यक्षपद अकस्मात् आलें, आणि सभा कशी चालवावी हें ठाऊक नसल्यानें त्याची फटफजिती झाली. त्यानें सभांच्या नियमांचा अभ्यास करून १८७६ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका वेळीं एकच विषय. अध्यक्षांनीं नांव घेतल्यावांचून कोणीं बोलूं नये. एकाच विषयावर दुसऱ्यांदा बोलूं पाहणाऱ्यानें, अद्याप न बोललेल्याला आधीं वाव द्यावा. निर्णय लेखी असावा. स्वमग्न माणसाला हव्या असलेल्या बहुतेक गोष्टी या नियमांत आहेत. बैठक जितकी ‘घरगुती’ आणि सैल, तितके तिचे खरे नियम अलिखित. आणि अलिखित नियम हीच त्याची अडचण.

बैठक चालविणाऱ्यानें थोडें केलें तरी पुरतें. विषयपत्रिका आदल्या दिवशीं द्यावी आणि तिच्यांत नुसते मथळे न देतां कोणाकडून काय हवें आहे तें लिहावें. प्रत्येक विषयावर एकेकाला नांवानें विचारावें आणि उत्तरासाठीं क्षणभर थांबावें. बैठकीनंतर लेखी मत देण्यास एक दिवसाची मुदत ठेवावी. शेवटीं निर्णय वाचून दाखवावा: काय ठरलें, कोणीं करावयाचें, कोणत्या तारखेपर्यंत. संगणकाच्या पडद्यावरील बैठकींत कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह धरूं नये. खालीं पाहून किंवा हातांत पेन्सिल फिरवीत ऐकणारा मनुष्य ऐकतच असतो, हें ध्यानांत ठेवावें.

कर्मचाऱ्यालाहि कांहीं गोष्टी साधतात. दरवाजाजवळची किंवा यंत्रापासून दूरची खुर्ची लवकर येऊन धरावी. सांगावयाचें तें दोन वाक्यांत लिहून, “या विषयावर मला बोलावयाचें आहे,” असें अध्यक्षांना आधींच कळवावें. म्हणजे फट शोधण्याचें काम त्यांचें होतें. आशय संदिग्ध वाटल्यास “हें काम कधींपर्यंत हवें?” असें सरळ विचारावें. बैठक संपल्यावर आपल्या समजुतीप्रमाणें झालेले निर्णय चार ओळींत लिहून वरिष्ठांना पाठवावे. चूक असेल ती तेथेंच दुरुस्त होते. शक्य तर लगेच दुसरी बैठक ठेवूं नये.

आपण स्वमग्न आहों हें कचेरींत सांगावें कीं नाहीं, हा प्रश्न नाजुक आहे, आणि तो ज्याचा त्यानेंच सोडवावा. विषयपत्रिका आधीं मागण्यासाठीं निदान सांगण्याची गरज नसते. परंतु कायदा आतां पाठीशीं आहे. १९९५ सालच्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते व त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यांत एकवीस प्रकार आहेत व तींत ती आहे. माणसाच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करून देण्याची कल्पना या कायद्यानें स्वीकारली आहे, आणि अशी सोय नाकारणें हा भेदभावाचाच एक प्रकार मानला आहे. नोकरींतील राखीव जागांतहि स्वमग्न व्यक्तींचा समावेश केलेला आहे.

एकासाठीं एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. परंतु आधीं मिळालेली विषयपत्रिका नव्यानें रुजू झालेल्यालाहि उपयोगी पडते, ज्याला कमी ऐकूं येतें त्यालाहि, आणि मराठी, हिंदी व इंग्रजी यांच्या मिसळींत ज्याची जीभ अडखळते त्यालाहि. लिहून ठेवलेला निर्णय सर्वांच्याच स्मृतीचा भार हलका करतो. मोठ्यानें आणि चटकन् बोलणाऱ्याचेंच म्हणणें खरें ठरावें, अशी कोणत्याहि कचेरीची इच्छा नसते. तरी नियम लिहिलेले नसले कीं तसेंच घडतें. ते लिहून काढण्यास एक कागद लागतो आणि पाळण्यास थोडा धीर. एवढ्या खर्चांत कचेरीला तिचा सर्वांत चौकस माणूस बोलता झालेला मिळतो.