लाइन गेली की सौरही बंद?

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झालं; आता जवळच्या बोईसर-पालघरच्या छतांवरही सौर वीज तयार होते. मात्र महावितरणची लाइन गेली, की साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर भर उन्हातही थांबतो. हा बिघाड नव्हे. खांबावरच्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा झटका बसू नये, म्हणून ही सोय.

वीज क्वचित जात असेल तर बॅटरीशिवाय, ग्रिडशी विजेची देवाणघेवाण करणारं नेट मीटरिंग पुरे. पावसाळ्यात वारंवार जात असेल तर आधीच हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. बॅटरी नंतर जोडता येते. दोन पंखे, चार दिवे मिळून २५० वॉट धरले, तर चार तासांना एक युनिट लागतं. पीएम सूर्यघर योजनेचं ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान सौर यंत्रणेच्या क्षमतेवर ठरतं. बॅटरीचा खर्च वेगळा धरा.