किल्लीतले बारा हजार सूर्य

एमएच ३२ नंबरची एक साधी हॅचबॅक घ्या. रात्रीचे साडेअकरा झालेत, वर्ध्यातल्या एका गल्लीत ती कडुलिंबाखाली उभी आहे. मालक कूलरसमोर घोरतोय. गाडी मात्र जागी आहे. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकतोय, बाकी कुठं हालचाल नाही. या गाडीत या क्षणी किती काय चाललंय, ते मोजायला बसू या. वही मोठी घ्या, शून्यं पुष्कळ लागतील.

आधी जागरणाचा खर्च. अलार्म लावून उभी असलेली गाडी बॅटरीतून २० मिलीॲम्पिअरच्या आसपास वीज ओढते असं धरा. १२ व्होल्टनं गुणा. पाव वॅटसुद्धा भरत नाही! या हिशेबानं महावितरणच्या एका युनिटवर ही राखण १७३ दिवस चालेल. युनिटचे दहा रुपये धरा. पावणेसहा महिने, रात्रंदिवस, पापणी न लववणारा राखणदार दहा रुपयांत! हिंगणघाटच्या कुठल्याही जिनिंगवाल्यानं एवढ्यावर चौकीदार ठेवून दाखवावा. अडचण एकच, की पगार बॅटरीतून कापला जातो. ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी १,७५० तासांत, म्हणजे ७३ दिवसांत रिकामी. दोन-अडीच महिने गाडी न हलवता गावाला गेलेल्यांना परत आल्यावर जंपर केबल का शोधावी लागते, ते या भागाकारात आहे.

आता सायरन. एक मीटरवर ११० डेसिबल. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो, दर दहाला जोर दहापट होतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या रुग्णालयाभोवती शंभर मीटरचा शांतता पट्टा जाहीर करता येतो, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल ठरवली आहे. ११० वजा ४०, उरले ७०. म्हणजे एकावर सात शून्यं. एक कोटी पट! एका मुठीएवढ्या भोंग्यातून परवानगीच्या एक कोटी पट जोराचा आवाज. मधे भिंत नाही, झाड नाही, वारा नाही असं मानलं, तर तो ४० डेसिबलपर्यंत उतरायला ३ किलोमीटर १६२ मीटर जावं लागेल.

आणि एवढ्या कोलाहलानं होतं काय? शेजारी कूस बदलतो, ‘पुन्हा कुणाची तरी गाडी बोंबलली’ म्हणतो आणि झोपतो. माझ्या मते सायरन हा या घरातला सर्वांत बडबडा आणि सर्वांत बिनकामाचा नोकर आहे. खरी कमाल गप्प बसणाऱ्यांची.

गप्प बसणाऱ्यांत पहिला दाराचा स्विच. दार उघडलं की सर्किट बदलतं, संपलं. दुसरा हादऱ्याचा सेन्सर. काचेवर दणका बसला की कंपनाची वीज होते. हे दोघे कष्टाळू आहेत, पण आकड्यांच्या मेजवानीत त्यांना पाटावर बसवता येत नाही. पाट मांडायचा तो कलाच्या सेन्सरसाठी.

चोर जॅक लावून गाडी उचलू पाहतो, किंवा टोचनवर चढवू पाहतो. अडीच मीटर लांबीच्या व्हीलबेसवर पुढची चाकं साडेचार सेंटिमीटर वर गेली, की गाडी साधारण एक अंश कलते. हे ओळखणारी चिप सिलिकॉनची. तिच्या पोटात केसाहून बारीक दांड्यांवर एक वजन तरंगत असतं. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीनं १९९० च्या दशकात एअरबॅगसाठी काढलेल्या याच घराण्यातल्या जुन्या चिपचे आकडे घेऊ. ते तरंगतं वजन एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. किती म्हणजे किती? खिशातलं रुपयाचं, २०११ च्या मालिकेतलं नाणं काढा. ३.७९ ग्रॅम. त्या एका नाण्याच्या वजनात अशी ३ कोटी ७९ लाख वजनं मावतील! महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २३ लाख होती. म्हणजे तीन रुपयांची नाणी फोडली तर राज्यातल्या प्रत्येकाला एकेक वजन मिळेल, आणि उरतीलही.

त्याहून मोठा चमत्कार पुढं आहे. ते वजन शेजारच्या पट्टीपासून १.३ मायक्रॉन अंतरावर असतं, आणि ते ०.२ अँगस्ट्रॉम सरकलं तरी चिपला कळतं. ०.२ अँगस्ट्रॉम म्हणजे एका अणूच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. डोक्यात शिरत नाही ना? मग ती फट ताणून मुंबई-पुण्याएवढी करू, १५० किलोमीटर. त्या प्रमाणात चिपला कळणारी हालचाल किती? सव्वादोन मीटर! दादरहून निघालात, घाट चढलात, शिवाजीनगरला पोचलात, आणि चिप सांगते, ‘अहो, पुणं कालच्यापेक्षा सव्वादोन मीटर पुढं गेलंय.’ चोराचा जॅक तिच्यासमोर म्हणजे भूकंप.

जरा महागड्या गाड्यांत छताजवळ आणखी एक पहारेकरी असतो, अल्ट्रासॉनिक. तो सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज गाडीत सोडतो आणि परतीचा प्रतिध्वनी ऐकतो. माणसाचा कान २०,००० ला हात टेकतो, त्यामुळं मालकाला पत्ता नाही. संध्याकाळी सातला सुरू करून पहाटे पाचला थांबवला, तर दहा तासांत लाटा किती? १४४ कोटी. देशातल्या माणसामागं एक! त्यात कुणी फुटलेल्या काचेतून सेकंदाला एक मीटर वेगानं हात घातला, की परतणारी कंपनं ४०,००० ची ४०,२३३ होतात. फक्त २३३ चा फरक, आणि तेवढ्यावर तो चोर पकडतो. वर्ध्याच्या मे महिन्यात त्याचं काम आणखी अवघड. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत सहज पासष्ट होतात, आणि ध्वनीचा वेग हिवाळ्यातल्या सेकंदाला ३३७ मीटरवरून ३७० च्या घरात जातो. तरी त्याची चूक होता कामा नये.

सकाळ झाली. मालक अंगणातून रिमोट दाबतो. रेडिओलहर निघाली, सेकंदाला ४३ कोटी ३९ लाख २० हजार हेलकावे. रिमोटनं एक मिलीवॅट सोडला असं मानू. गाडीतल्या चांगल्या रिसिव्हरला त्यातला किती पोचला म्हणजे पुरे? एक हजार कोटीवा भाग. मालकानं १,००० कोटी रुपये हवेत उधळले, गाडीच्या हाती वाटेत गळून-सांडून एक रुपया आला, आणि तो रुपया हातात घेऊन ती म्हणाली, ‘हा आपल्याच मालकाचा.’ कसा ओळखला?

इथून पुढं दम धरून चाला.

बटण दाबलं की कीलॉक पद्धतीच्या रिमोटमधून ६६ बिट निघतात. त्यातले ३२ बिट दर दाबाला बदलतात. कालचा आकडा आज चालत नाही, त्यामुळं चोरानं चोरून ऐकला तरी त्याच्या हाती शिळा आकडा. बत्तीस बिटांचे आकडे किती होतात? ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जमनालाल बजाजांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. ज्यांच्या घराण्यानं पुढं देशाला स्कूटरवर बसवलं, ते वर्ध्याचे शेठजी पाळण्यात असताना एखाद्यानं सेकंदाला एक आकडा म्हणायला सुरुवात केली असती, न जेवता, न झोपता, तर शेवटचा आकडा २०२५ च्या डिसेंबरात आला असता. १३६ वर्षं! रिसिव्हर पुढचे सोळा आकडे चालवून घेतो, कारण खिशात बटण उगाच दाबलं जातं. म्हणून सोळानं भागा. तरी साडेआठ वर्षं गाडीपाशी उभं राहायचं. तेवढ्यात माणूस गाडी विकत घेईल की.

वर्षांनी भागत नसेल तर थेंबांनी मोजू. सलाईनच्या नळीचं माप घ्या, मिलीलिटरला वीस थेंब. आपल्याकडची शेतातली विहीर घ्या, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल. काठोकाठ भरली तर तिच्यात ७११ कोटी थेंब. एक आकडा म्हणजे एक थेंब. रिमोटचे सगळे आकडे ओतले की विहिरीला २४ फूट पाणी लागतं. चोरानं नेमका एक थेंब शोधायचा.

ही एक विहीर झाली. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात आणखी एक चिप असते, तिला बॅटरी नाही, आवाज नाही. किल्ली फिरवली की इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, गाडी प्रश्न विचारते, चिप उत्तर देते. उत्तर चुकलं तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. हा इमोबिलायझर, माझ्या मते या घरातला खरा कर्ता पुरुष. त्याच्या एका जुन्या जातीत ४० बिटांचं गुपित होतं. फक्त आठ बिट वाढले, विहिरी किती झाल्या? १५४, आणि वर अर्धी! पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सोळा चिपा एकत्र जुंपून तासाभराच्या आत असं गुपित शोधून काढलं. सोळा मोटारपंप, तासात दीडशे विहिरी कोरड्या.

म्हणजे विहिरींनी भागत नाही. ६४ बिट घ्या, कीलॉकचं मूळ गुपित तेवढ्याचंच. आकडे १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी. होय, कोटी दोनदा. त्यांचे थेंब केले तर १०५ टीएमसीची कोयना सुमारे ३१० वेळा भरेल. हे सगळं पाणी वर्धा जिल्ह्यात सोडा. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, आठही तालुके, ६,३०९ चौरस किलोमीटर. पाणी चढेल १४६ मीटर! कुतुबमिनारावर दुसरा कुतुबमिनार ठेवला तर त्याचा कळसही पाण्याखाली जाईल. जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे पाणी उपसायचा नादच केला नाही. आकडेमोड करताना चिप किती वीज ओढते ते मोजलं आणि त्यावरून गुपित काढलं. जिल्हा बुडालेला तसाच राहिला, हे बाजूनं निघून गेले.

म्हणून आता १२८ बिट. चौसष्टच्या दुप्पट, एवढंच. पाणी दुप्पट होईल? छे! एक बिट वाढला की पाणी दुप्पट, आणि इथं चौसष्ट वाढलेत. जिल्हा गेला, देश गेला, समुद्र गेले. सगळी पृथ्वी पाण्याची केली तरी पुरत नाही. अशा पृथ्वी किती? दीड हजार कोटींहून जास्त. सूर्याएवढी पोकळ घागर आणा. एक भरली, दहा भरल्या, हजार भरल्या. बारा हजार सूर्य काठोकाठ भरले, तेव्हा कुठं थेंब संपले! वर्धा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १३ लाख ७७४ माणसं होती. अगदी तान्ह्या बाळासकट प्रत्येकानं दर सेकंदाला एक कोटी थेंब तपासले, तरी विश्वाचं आजवरचं वय, १,३८० कोटी वर्षं, सहा कोटी वेळा उलटावं लागेल. हे सगळं बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात, आणि तो आपण देवघराशेजारच्या खिळ्याला टांगतो.

हा तुकडा नसला तर काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलं. ह्युंदाई आणि किआच्या लाखो गाड्या तिथं इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या, आणि पोरांनी त्या चोरण्याची व्हिडिओवर शर्यत लावली. २०२३ मध्ये कंपन्यांना ज्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून द्यायला लागलं, त्या ८३ लाख. साडेचार मीटरची एक धरून एकामागं एक लावल्या तर मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर २४९ रांगा. उलट युरोपात १९९८ पासून हा तुकडा नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, आणि नेदरलँड्समध्ये त्यानं गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटवल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. भोंगा न वाजवता.

चोर मात्र बारा हजार सूर्यांच्या नादी लागतच नाही. बिनकिल्लीच्या, बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत तो आकडा फोडत नाही, नुसता वाहून नेतो. एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराशी, दोघांच्या हातात अँटेना. गाडीचा प्रश्न घरातल्या किल्लीपर्यंत, किल्लीचं खरं उत्तर गाडीपर्यंत. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली, दहाच्या दहा फसली. यावर काही नव्या गाड्यांनी आकडा वाढवणं सोडलं आणि घड्याळ काढलं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जाते. किल्ली पन्नास मीटर लांब असेल तर उत्तर जाऊन-येऊन ३३३ नॅनोसेकंद उशिरा पोचतं. डोळ्याच्या एका उघडझापेत हा उशीर नऊ लाख वेळा बसतो, आणि गाडी तेवढ्यावरून ओळखते की उत्तर खरं आहे पण मालक जवळ नाही. दार बंदच राहतं.